डेस्कटॉप सॉफ्टवेअर ग्राहकाकडे पाठवण्याआधी: सही, इन्स्टॉलर आणि अपडेट

समजा, तुम्ही पतसंस्थांसाठी पिग्मी ठेवींचा रोजचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम केलाय. तुमच्या मशीनवर तो उत्तम चालतो. तुम्ही ईएक्सई झिप करून ड्राइव्हवर टाकली आणि लिंक ग्राहकाला पाठवली. पलीकडे संस्थेतल्या क्लार्कने ती उघडताच विंडोजच्या ‘स्मार्टस्क्रीन’ या राखणदाराचा निळा पडदा आला: ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’, आणि प्रकाशकाच्या जागी ‘अननोन पब्लिशर’. अशा वेळी फोनवर सर्रास सांगितलं जातं, “मोअर इन्फो दाबा, मग रन एनीवे दाबा.”

मला हे मुळीच पटत नाही. ज्या मशीनवर गावातल्या लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे, तिथल्या माणसाला आपण धोक्याची सूचना डावलायची सवय लावतो. उद्या खरोखरच घातक फाइल आली तरी तो तेच करेल. शिवाय हा मार्ग हळूहळू बंदही होतोय. विंडोज ११ मध्ये ‘स्मार्ट ॲप कंट्रोल’ चालू असेल, तर सही नसलेला अनोळखी प्रोग्राम सरळ अडवला जातो, तिथे ‘रन एनीवे’ हे बटणच नसतं. त्यामुळे सॉफ्टवेअर विकायचं किंवा मोफत वाटायचं असेल, तर सही आणि पॅकेजिंगचा विचार पहिल्या आवृत्तीपासूनच करायला हवा. पुढची माहिती मुख्यतः विंडोजसाठी आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक कचेऱ्यांत तेच असतं. मॅक आणि लिनक्सचंही लागेल तेवढं सांगतो.

सही नेमकं काय सांगते

साइनटूलसारखं साधन फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढतं, त्यावर तुमच्या खासगी किल्लीने (फक्त तुमच्याकडे असणाऱ्या गुप्त आकड्याने) सही करतं आणि सोबत सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या ओळखीचा दाखला, जोडतं. उघडणाऱ्या मशीनला त्यातून दोन गोष्टी कळतात: फाइल कोणाच्या नावाने आली आणि सहीनंतर तिच्यात एका बाइटचाही बदल झाला का. आतला कोड चांगला आहे की वाईट, हे सही सांगत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत सही असूनही घातक कोड घेऊन लोकांपर्यंत पोचली, कारण हल्लेखोर सही होण्याच्या आधीच्या टप्प्यातच घुसले होते. म्हणून ज्या मशीनवर बिल्ड होतो (कोडपासून फाइल तयार होते) आणि सही होते, ते मशीन स्वच्छ ठेवणं हा सहीच्या कामाचाच भाग आहे. त्याच मशीनवर क्रॅक केलेली सॉफ्टवेअर असतील, तर महागडं सर्टिफिकेट घेऊनही उपयोग नाही.

आधी नाव ठरवा

सर्टिफिकेटवर जे नाव असतं तेच ग्राहकाला दिसतं, आणि ते नोंदणीच्या कागदपत्रांशी तंतोतंत जुळावं लागतं. कंपनी किंवा एलएलपी असेल, तर संस्थेच्या नावाचं ओव्ही (ऑर्गनायझेशन व्हॅलिडेशन) सर्टिफिकेट घ्या. सर्टिफिकेट देणारी संस्था तुमची नोंदणी, पत्ता आणि फोन स्वतंत्रपणे तपासते. जीएसटीवर एक पत्ता, उद्यम नोंदणीत दुसरा आणि वेबसाइटवर तिसरा असेल, तर गाडी तिथेच अडते. अर्ज करण्याआधी हे सगळं एकसारखं करून घ्या. नोंदणीकृत संस्था नसेल, तर व्यक्तीच्या नावाचं सर्टिफिकेटही मिळतं, मग ग्राहकाला तुमचं स्वतःचं नाव दिसेल.

इथे एक गैरसमज फार दिसतो. जीएसटी रिटर्न, टेंडर, कंपनीची कागदपत्रं यांसाठी सीएकडून घेतलेली डीएससी (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र) आपल्याकडे असतेच, तिचं यूएसबी टोकनही अगदी तसंच दिसतं, मग त्यानेच ईएक्सईवर सही का करू नये? कारण प्रत्येक सर्टिफिकेटमध्ये ते कशासाठी वापरता येईल हे लिहिलेलं असतं. डीएससी कागदपत्रांवर सही करण्यासाठी दिलेली असते, तिच्यात ‘कोड सायनिंग’ हा उपयोग नसतो. विंडोज अशी सही मानत नाही. कोड सायनिंगचं सर्टिफिकेट वेगळं घ्यावंच लागतं.

ओव्ही की ईव्ही (एक्स्टेंडेड व्हॅलिडेशन, जास्त कडक तपासणीचं)? पूर्वी ईव्ही घेतलं की स्मार्टस्क्रीनचा निळा पडदा पहिल्या दिवसापासून जायचा, म्हणून लोक जास्त पैसे मोजायचे. २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने ही सवलत काढली. आता दोन्हींना विश्वास डाउनलोडमधूनच कमवावा लागतो. कर्नल ड्रायव्हर लिहीत असाल तर ईव्ही घ्या. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ओव्ही पुरेसं आहे.

किल्ली कुठे ठेवायची

१ जून २०२३ पासून नियम असा आहे की कोड सायनिंगची खासगी किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्येच हवी. किल्ली असलेली पीएफएक्स फाइल ईमेलने आली, फोल्डरमध्ये टाकली आणि पासवर्ड बॅच फाइलमध्ये लिहिला, हे दिवस संपले. ते संपले हे बरंच झालं.

मग दोन रस्ते उरतात. पहिला, यूएसबी टोकन. एकट्याने काम करणाऱ्यासाठी हाच सोपा. प्रत्येक सहीला पिन लागते आणि ठरावीक वेळा चुकीची पिन दिली की टोकन लॉक होतं. रिमोट डेस्कटॉपवरून बिल्डच्या मशीनला जोडलात, तर त्या मशीनला लावलेलं टोकन सत्रात दिसत नाही, कारण विंडोज त्या वेळी तुमच्या समोरच्या मशीनवरची स्मार्टकार्डं शोधतं. टोकन बिघडलंय असं समजून ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. मशीनसमोर बसून सही करा किंवा टोकन तुमच्या लॅपटॉपला लावा.

दुसरा रस्ता म्हणजे क्लाउडमधली किल्ली. अझूर की व्हॉल्टमध्ये किल्ली ठेवून ‘अझूर साइन टूल’ने सही करता येते, बऱ्याच सर्टिफिकेट कंपन्यांचीही स्वतःची क्लाउड सेवा असते. बिल्ड गिटहब ॲक्शन्ससारख्या ऑनलाइन सेवेवर होत असेल, तर हाच रस्ता धरा. मायक्रोसॉफ्टची ‘आर्टिफॅक्ट सायनिंग’ (आधीचं नाव ‘ट्रस्टेड सायनिंग’) सेवा स्वस्त आहे, पण ती मोजक्याच देशांतल्या अर्जदारांना मिळते, म्हणून तिच्या भरवशावर वेळापत्रक आखण्याआधी देशांची यादी पाहून घ्या. प्रोग्राम मुक्त स्रोत असेल, तर साइनपाथ फाउंडेशन पात्र प्रकल्पांना मोफत सही करून देतं. तिथे प्रकाशक म्हणून फाउंडेशनचं नाव दिसतं.

आणखी एक वाट बरेच जण विसरतात: मायक्रोसॉफ्ट स्टोअर. एमएसआयएक्स (विंडोजच्या नव्या पद्धतीचं) पॅकेज स्टोअरवर दिलं की सही मायक्रोसॉफ्टच करतं, तुम्हाला सर्टिफिकेट विकत घ्यावं लागत नाही. सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या ॲपला हे उत्तम. संस्थेच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या, खास प्रिंटर आणि पिग्मी मशीन जोडणाऱ्या प्रोग्रामला मात्र साधा इन्स्टॉलरच सोयीचा पडतो.

इन्स्टॉलर कशात बांधायचा

माझी पसंती इनो सेटअपला. १९९७ पासून ते चालू आहे, स्क्रिप्ट वाचायला सोपी आहे आणि एकच सेटअप फाइल तयार होते. एनएसआयएसही तितकंच मुरलेलं, पण त्याची स्क्रिप्ट भाषा रुक्ष आहे. मोठ्या कंपनीचा आयटी विभाग ग्रुप पॉलिसीने शंभर मशीनवर एकदम टाकणार असेल, तर एमएसआय (विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीची इन्स्टॉलर फाइल) मागतोच. त्यासाठी विक्स हे साधन शिका, वेळ जाईल पण दुसरा चांगला पर्याय नाही. इलेक्ट्रॉनवाल्यांनी इलेक्ट्रॉन बिल्डर, टौरीवाल्यांनी टौरीचं स्वतःचं बंडलर, जावावाल्यांनी जेपॅकेज वापरावं. ही साधनं इन्स्टॉलर बांधतात आणि विंडोजवर बहुतेक जण आतून एनएसआयएस किंवा विक्सच चालवतात.

इनो सेटअपमध्ये सगळ्यात आधी ‘ॲपआयडी’ ठरवा. हा एक लांबलचक अनन्य क्रमांक असतो आणि त्यावरून पुढची आवृत्ती मागची कुठे आहे ते ओळखते. तो दिला नाही तर प्रोग्रामचं नावच ओळख धरलं जातं. उद्या नावात ‘प्रो’ जोडलंत की कंट्रोल पॅनलमध्ये दोन प्रोग्राम दिसायला लागतात. क्रमांक एकदा तयार करा आणि कधीही बदलू नका. विक्समध्ये हेच काम ‘अपग्रेडकोड’ करतो.

मग डेटाची जागा. प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जातो, पण तिथे साध्या युजरला लिहिण्याची परवानगी नसते. डेटाबेस त्याच फोल्डरात ठेवला, तर जुन्या ३२ बिट प्रोग्रामच्या बाबतीत विंडोज गुपचूप ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात प्रत लिहितं, आणि एकाच मशीनवर दोन युजरना दोन वेगवेगळे हिशेब दिसू लागतात. सगळ्यांचा सामायिक डेटा ‘प्रोग्रामडेटा’त ठेवा, त्या फोल्डरला लागेल तेवढीच परवानगी द्या, आणि अनइन्स्टॉल करताना डेटाबेसला हात लावू नका.

पायथॉनवाल्यांसाठी खास सूचना: पायइन्स्टॉलरचा ‘वनफाइल’ पर्याय टाळा. ती फाइल दर वेळी टेम्प फोल्डरमध्ये सुटी होऊन मग चालते. त्याच पद्धतीचा वापर व्हायरस लिहिणारेही करतात, म्हणून अँटिव्हायरस तिच्याकडे संशयाने बघतात. ‘वनडिर’ने फोल्डर तयार करा आणि तो इनो सेटअपमध्ये गुंडाळा.

सहीचा क्रम

सही नेहमी आतून बाहेर करायची. आधी मुख्य ईएक्सई आणि तुम्ही लिहिलेल्या डीएलएल, मग अनइन्स्टॉलर, शेवटी सेटअप फाइल. नुसत्या सेटअपवर सही केली तर डाउनलोड व्यवस्थित होतं, पण इन्स्टॉल झाल्यावर आतला प्रोग्राम बेनामीच राहतो. मग ॲडमिनची परवानगी मागणारी खिडकी पुन्हा पिवळी, ‘अननोन पब्लिशर’सकट. मायक्रोसॉफ्टच्या किंवा इतरांच्या डीएलएलवर त्यांची सही असेल, तर ती तशीच राहू द्या.

विंडोज एसडीकेमधल्या साइनटूलच्या ‘साइन’ आदेशाला चार गोष्टी सांगायच्या. ‘एफडी’ या स्विचला एसएचए-२५६ द्या, तो फाइलच्या हॅशचा प्रकार. ‘टीआर’ला टाइमस्टॅम्प सर्व्हरचा पत्ता द्या, तो सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीच्या मदत पानावर मिळतो. ‘टीडी’ला पुन्हा एसएचए-२५६. आणि मशीनवर एकाहून अधिक सर्टिफिकेट असतील, तर ‘एसएचए१’ या स्विचने तुमच्या सर्टिफिकेटचा थंबप्रिंट (ओळखीचा लांब क्रमांक) द्या. हा एसएचए१ फक्त सर्टिफिकेट शोधण्यासाठी आहे, सहीचा दर्जा त्याने कमी होत नाही. ‘टीडी’ हा स्विच ‘टीआर’च्या नंतरच लिहा.

टाइमस्टॅम्प कधीही वगळू नका. पावतीवर तारखेचा शिक्का असतो, तसा हा पुरावा: सही झाली तेव्हा सर्टिफिकेट वैध होतं. तो असेल तर सर्टिफिकेटची मुदत संपल्यावरही जुने इन्स्टॉलर चालत राहतात. नसेल, तर मुदत संपण्याच्या दिवशी तुमच्या सगळ्या ग्राहकांकडे एकदम बेनामी प्रोग्राम होतो. १ मार्च २०२६ पासून दिलेल्या कोड सायनिंग सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४६० दिवस आहे, आधी ती ३९ महिने असायची. म्हणजे हा प्रश्न आता फार लवकर समोर येतो. टाइमस्टॅम्प सर्व्हर कधीकधी उत्तर देत नाही. बिल्ड स्क्रिप्टमध्ये थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय ठेवा, आणि तरीही जमलं नाही तर बिल्ड नापास करा. टाइमस्टॅम्पशिवाय फाइल पुढे जाऊ देऊ नका.

इनो सेटअपच्या टूल्स मेनूत साइनटूलची आज्ञा एकदा नोंदवली आणि स्क्रिप्टच्या सेटअप भागात ‘साइनटूल’ ही ओळ घातली, की सेटअप आणि अनइन्स्टॉलर दोन्हींवर आपोआप सही होते. फाइल्सच्या ओळीत ‘साइनवन्स’ हा फ्लॅग दिला, तर आतल्या फाइलवर सही नसेल तेव्हाच ती केली जाते. सही झाल्यावर फाइलला काहीही करू नका. आयकॉन बदलणं, यूपीएक्सने आकार कमी करणं, आवृत्तीचा क्रमांक घालणं, सगळं आधी.

लिनक्स मशीनवर विंडोजचा बिल्ड होत असेल, तर ओएसएसएलसाइनकोड हे साधन हीच सही तिथून करतं आणि टोकनशीही बोलतं.

ग्राहकाच्या नजरेने तपासा

साइनटूलच्या ‘व्हेरिफाय’ आदेशाला ‘पीए’ आणि ‘व्ही’ हे स्विच देऊन सर्टिफिकेटची पूर्ण साखळी आणि टाइमस्टॅम्पची वेळ पाहा. ‘पीए’ विसरलात तर साधन ड्रायव्हरचे नियम लावतं आणि चांगली सहीही नापास दाखवतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅबही डोळ्यांखालून घाला.

खरी परीक्षा मात्र ब्राउझरमधून डाउनलोड करून होते. ब्राउझर फाइलला ‘ही इंटरनेटवरून आली’ अशी खूण लावतो आणि स्मार्टस्क्रीन ती खूण पाहूनच जागं होतं. पेनड्राइव्हने फाइल नेली की ही खूण बहुधा सोबत जात नाही, मग तुमच्याकडे सगळं सुरळीत दिसतं आणि ग्राहकाकडे निळा पडदा येतो. विंडोज प्रोमध्ये ‘विंडोज सँडबॉक्स’ चालू करा, त्याच्या आत ब्राउझर उघडून तुमच्या खऱ्या लिंकवरून डाउनलोड करा.

आपल्या भागासाठी दोन तपासण्या मी आग्रहाने सांगेन. एक, देवनागरी नावाचं युजर खातं तयार करा. ‘सी’ ड्राइव्हच्या ‘युजर्स’मध्ये ‘सुनंदा’ नावाचा फोल्डर असला, की टेम्प फोल्डरच्या मार्गात देवनागरी अक्षरं येतात, आणि जुनी लायब्ररी किंवा जुना रिपोर्ट प्रिंटर तिथे कोसळतो. दोन, ग्राहकांकडे प्रत्यक्षात जे अँटिव्हायरस असतात, त्यांवर चालवून बघा: डिफेंडर, पुण्याचं क्विक हील, जे असेल ते. चुकून अडवलं तर या कंपन्यांना चुकीच्या इशाऱ्याची नोंद करून फाइल पाठवता येते. सही केलेली फाइल आणि स्पष्ट प्रकाशकाचं नाव असलं की ते काम सोपं होतं.

इतकं करूनही पहिल्या काही दिवसांत निळा पडदा येऊ शकतो. स्मार्टस्क्रीन फाइलची आणि प्रकाशकाची पत डाउनलोडवरून मोजतं. सही नसेल तर प्रत्येक नवी आवृत्ती शून्यापासून सुरू होते. सही असेल तर पत सर्टिफिकेटवर साठत जाते. ग्राहकाला आधीच कळवा की पडद्यावर प्रकाशक म्हणून अमुक नाव दिसेल, ते जुळलं तरच पुढे जा, नाहीतर मला फोन करा. सूचना डावलायला सांगण्यापेक्षा ती वाचायला शिकवणं केव्हाही बरं.

मॅकसाठी

ॲपलकडे वाट एकच आहे. वर्षाला ९९ डॉलरचं डेव्हलपर सदस्यत्व घ्या. संस्थेच्या नावाने घ्यायचं तर डी-यू-एन-एस (डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनीचा व्यवसाय-ओळख) क्रमांक लागतो, एकल मालकीच्या व्यवसायाला व्यक्ती म्हणूनच नोंदणी करावी लागते. ॲपसाठी ‘डेव्हलपर आयडी ॲप्लिकेशन’ आणि पीकेजी इन्स्टॉलरसाठी ‘डेव्हलपर आयडी इन्स्टॉलर’ अशी दोन वेगळी सर्टिफिकेट असतात.

कोडसाइनने इथेही आतून बाहेर सही करा: आधी फ्रेमवर्क आणि मदतनीस प्रोग्राम, शेवटी ॲप. ‘डीप’ हा पर्याय सही करताना वापरू नका. तो आतल्या सगळ्यांना एकच एन्टायटलमेंट (परवानग्यांची यादी) लावतो आणि अडचण पुढच्या टप्प्यात फुटते. ‘हार्डन्ड रनटाइम’ आणि टाइमस्टॅम्प दोन्ही चालू हवेत. त्यानंतर डीएमजी किंवा झिप नोटरीटूलने ॲपलकडे तपासणीसाठी (नोटरीसाठी) पाठवा. नापास झालं तर नोटरीटूलचा ‘लॉग’ आदेश कोणत्या फाइलवर काय चुकलं ते नेमकं सांगतो, अंदाज बांधायची गरज नाही. पास झालं की स्टेपलरने ती पावती फाइललाच जोडा, म्हणजे इंटरनेट नसलेल्या मॅकवरही ॲप उघडेल. झिपला पावती जोडता येत नाही, म्हणून ॲपला जोडा आणि पुन्हा झिप करा. जुनं ऑल्टटूल नोटरीसाठी १ नोव्हेंबर २०२३ पासून बंद आहे, त्यामुळे जुने लेख पाहून स्क्रिप्ट लिहू नका. मॅकओएस १५ पासून नोटरी न झालेलं ॲप कंट्रोल दाबून उघडण्याची पळवाटही गेली.

लिनक्स

इथे प्रमाणपत्र विकत घ्यावं लागत नाही, स्वतः तयार केलेली जीपीजी किल्ली पुरते. डेबियन आणि उबुंटूवर सही रिपॉझिटरीच्या (पॅकेजच्या ऑनलाइन भांडाराच्या) यादीवर असते, सुट्या डेब फाइलवरची सही सहसा तपासली जात नाही. आरपीएममध्ये प्रत्येक पॅकेजवर सही असते. ग्राहकाला ‘ॲप्ट-की’ वापरायला सांगू नका, ती पद्धत मोडीत निघाली. किल्ली वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ‘साइन्ड-बाय’ने त्याच रिपॉझिटरीला बांधा. एकच फाइल द्यायची असेल तर ॲपइमेज, पण ती आधार द्यायच्या सर्वांत जुन्या लिनक्सवर बांधा, नाहीतर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची आवृत्ती आडवी येते. सामान्य वापरकर्त्यांसाठी फ्लॅटहब हे ॲप स्टोअर चांगलं.

अपडेट आणि किल्लीचं राखण

आपोआप अपडेट देणार असाल, तर अपडेटची सही वेगळी तपासली गेलीच पाहिजे. मॅकवर स्पार्कल, विंडोजवर विनस्पार्कल, आणि टौरीचं अपडेटर हे सगळे स्वतःच्या किल्लीने फाइल तपासतात. या किल्लीचा सार्वजनिक भाग तुमच्या प्रोग्राममध्येच बसवलेला असतो. टौरीची खासगी किल्ली हरवली, तर आधी इन्स्टॉल झालेल्या मशीनवर अपडेट पाठवता येत नाही, प्रत्येक ग्राहकाला हाताने नवी प्रत टाकावी लागते. या किल्लीची एक प्रत कागदावर किंवा वेगळ्या एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर, दुसऱ्या जागी ठेवा.

२०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटच्या फाइल्सवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन खऱ्या कंपन्यांच्या सह्या होत्या, चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या. म्हणून टोकन बिल्ड नसताना मशीनला लावून ठेवू नका, पिन दोघांपलीकडे कुणाला देऊ नका, आणि कोणत्या फाइलवर कधी सही केली याची नोंदवही ठेवा. किल्ली गेल्याचा संशय आला तर त्याच दिवशी सर्टिफिकेट रद्द करायला सांगा. रद्द करताना तारीख देता येते. त्या तारखेआधी टाइमस्टॅम्पसह केलेल्या सह्या वैध राहतात, आणि ही तारीख नेमकी ठरवायला तीच नोंदवही कामी येते.

नव्या सर्टिफिकेटचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी करा, पडताळणीला वेळ लागतो. नाव आणि त्याचं स्पेलिंग अगदी तेच ठेवा. एमएसआयएक्स वापरत असाल तर मॅनिफेस्टमधला प्रकाशक आणि सर्टिफिकेटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. एखादा स्वल्पविराम जरी बदलला तरी विंडोजच्या दृष्टीने तो वेगळा प्रोग्राम होतो आणि अपडेट जुन्यावर बसत नाही. नवं सर्टिफिकेट हाती आलं की एखादी छोटी दुरुस्तीची आवृत्ती त्याने सही करून आधी थोड्या ग्राहकांना द्या. मार्चअखेरच्या गडबडीत, संस्थांचे ताळेबंद चालू असताना, पहिल्यांदा नव्या सर्टिफिकेटची मोठी आवृत्ती पाठवू नका.